विधुराचे घर आणि घर सांभाळणारी बाई



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने देशाच्या किंवा धर्माच्या मोठ्या प्रश्नावर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज आपल्याला एका स्वयंपाकघरापर्यंतच नेणार आहे. घरधनीण वारलेली, मुले नोकरीनिमित्त परगावी, घरात पुरुष एकटा; आणि त्याचे घर सांभाळायला येणारी बाई, जिच्या पदरात एक मूल आहे आणि पाठीशी कोणी नाही. वर्ष-दोन वर्षे ती भाकरी थापते, दुखण्याखुपण्यात औषधपाणी पाहते. मग एके दिवशी दोघांच्याही ध्यानात येते, की आपण एकमेकांची वाट पाहू लागलो आहोत. गावाच्या ध्यानात ते बहुधा आधीच आलेले असते!

मग चावडीपासून पाणवठ्यापर्यंत एकच चर्चा चालते : हे बरे की वाईट? माझ्या मते ही चर्चाच फोल आहे. दोन प्रौढ, एकाकी माणसांना एकमेकांची ओढ लागावी, यात लाजण्यासारखे काय आहे? आपल्या जिल्ह्यातील पैठणचे सातवाहन घराणे; त्यातील हाल राजाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' खेड्यापाड्यांतील साध्या माणसांच्या प्रेमाने भरलेली आहे. ओढ ही आपल्या मातीला नवी नाही. विचारण्यासारखा प्रश्न निराळाच आहे : या बाईला 'नाही' म्हणता येते काय?

कारण महिन्याचा पगार त्याच्या हातात आहे. तिने नकार दिला, तर उद्या ती त्या घरात कोणत्या तोंडाने जाणार? आणि काम सुटले, तर मुलाची फी कोण भरणार? पुरुष सज्जन असेल, पण तेवढ्याने ही अडचण सुटत नाही. सज्जन माणूस आपले बळ वापरत नाही, म्हणून ते आपल्यापाशी आहे हे त्याला दिसतच नाही. ज्याला ते सोसावे लागेल, त्याला ते दिसते.

अजिंठा आपल्याला परमुलूख नाही. तेथे लेण्यांतील चित्रांच्या नकला करणारा रॉबर्ट गिल आणि पारो यांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. गिल विधुर नव्हता; तेव्हा हे उदाहरण आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडते असे मी म्हणत नाही. परंतु पारोच्या कबरीवर २३ मे १८५६ हा दिवस आणि तिच्याविषयीचे प्रेम त्याने कोरून ठेवले. पुढे ना. धों. महानोरांनी त्यावर काव्य लिहिले, २०१२ साली चित्रपट आला. गिल बोलला, कवी बोलला, पडदा बोलला. पारोचा स्वतःचा शब्द मात्र एकही उरलेला नाही.

आता दुसरे घर पाहा. धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी १८९१ साली निवर्तली; पदरी मुलगा होता. त्यांनी विधवेशीच लग्न करायचे ठरविले आणि ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी विवाह केला. मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. पण गोदूबाई कर्व्यांच्या अन्नावर जगत नव्हत्या. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. त्यांना उभे राहायला स्वतःची जागा होती. आणि याच बायांनी पुढे 'माझे पुराण' लिहिले. म्हणजे त्या संसाराची हकीकत आपल्याला तिच्याही तोंडून ऐकायला मिळते. माझ्या दृष्टीने दोन कथांतील खरे अंतर हेच.

कायद्यानेही हे अंतर ओळखायला वेळ घेतला. पारो गेली त्याच वर्षी, जुलै १८५६ मध्ये, कंपनी सरकारने विधवाविवाहाला मान्यता दिली. पण पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क जाई, आणि मुलांचा ताबा मागायला सासरच्यांना कोर्टाचे दार उघडे होते. लग्न कर, पण मुलाची धास्ती घेऊन! तो कायदा १९८३ साली रद्द झाला. तरीही धोके संपलेले नाहीत. लग्नावाचून 'अर्धी बायको, अर्धी मोलकरीण' म्हणून ठेवलेल्या बाईला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचे संरक्षण मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालाचा रोख आहे. आणि सावत्र बापाच्या मिळकतीत तिच्या मुलाला आपोआप वाटा मिळत नाही. उलट, घरकाम करणाऱ्या बाईवर मालकाने जबरदस्ती केली, तर २०१३ च्या कायद्याने तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते; हे आपल्यापैकी कितीजणींना कोणी सांगितले आहे?

म्हणून अशा गृहस्थाला माझे सांगणे एवढेच : आधी तिचा पगार चुकता करा. तिला दुसरीकडे काम मिळण्याची सोय करा, आणि ते मिळाल्यावर मग विचारा; तेही स्वतः दारात उभे राहून नव्हे, तिच्या विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडून. ती 'नाही' म्हणाली, तरी तिची चूल पेटती राहील अशी व्यवस्था झाल्यावर जो 'हो' येईल, तोच खरा. मग लग्न रीतसर नोंदवा आणि मुलाच्या नावे मृत्युपत्रात स्पष्ट लिहा. परगावच्या आपल्या मुलांनाही हे तुमच्याच तोंडून कळू द्या. आणखी एक : काल जे काम पगारी होते, ते मंगळसूत्र घातल्याने फुकटचे होत नाही, तिच्या हाती स्वतःचा पैसा राहू द्या.

आणि गावाला काय सांगू? आपल्याकडे कित्येक जातींत पाट लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ज्यांनी ती हीन मानली त्यांनाच पुढे सुधारणेच्या चळवळी कराव्या लागल्या. तेव्हा कुजबुजीने आपली जुनी शहाणीव झाकू नका. कुजबुजीचा फटका दोघांना सारखा बसत नाही. त्याची पत थोडी घटते, तिचे काम जाते. तुम्हाला त्या घराविषयी काही विचारायचेच असेल, तर तिला विचारा, 'बाई, तुमच्या मनात काय आहे?' आणि ती जे सांगेल, ते खरे माना.