जर-तर आणि लेला-णारा



बेटेगावच्या या सभेत मला इंग्रजी व्याकरणावर बोलायला सांगितले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी शिक्षक नाही, बँकेत कारकुनी करणारा कलाशाखेचा पदवीधर आहे. पण या विषयातली एक ठेच मला स्वतःला लागलेली आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात नोकरीसाठी अर्ज केला. त्यात लिहिले, 'आय अ‍ॅम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस पोस्ट.' मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी ते वाक्य शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवले आणि दोघे हसले. मला वाटले, माझ्या कपड्यांना हसले. चूक कोणती होती ते पुढे सहा महिन्यांनी कळले.

चूक एका प्रत्ययाची होती. 'इंटरेस्टिंग' म्हणजे आवड निर्माण करणारा आणि 'इंटरेस्टेड' म्हणजे ज्याच्यात आवड निर्माण झालेली आहे तो. मी लिहून दिले होते की या जागेवर मी मोठा गमतीदार माणूस आहे! क्रियापदापासून झालेल्या या शब्दांना आपण धातुसाधित विशेषणे म्हणतो. घोकंपट्टीची गरज नाही, कारण हा भेद आपल्या मराठीत आहेच. उकळणारे पाणी म्हणजे बॉइलिंग वॉटर, उकळलेले पाणी म्हणजे बॉइल्ड वॉटर. बाळाला दुसरे पाजतात, पहिले पाजले तर तोंड भाजेल. सातपाटीला काठ्यांवर वाळत असलेले बोंबील ड्राइंग आणि आपल्या डब्यातले वाळवलेले बोंबील ड्राइड. भाषण बोअरिंग असते, ऐकणारे बोअर्ड होतात. (आज दोन्ही होऊ नये अशी माझी इच्छा आहे.) 'णारा' दिसला की आय-एन-जी आणि 'लेला' दिसला की बहुधा ई-डी, एवढे धरून चला. बहुधा म्हणण्याचे कारण असे की फॉलन, ब्रोकन, रिटन यांची रूपे वेगळी आहेत, ती पाठच करावी लागतात.

पण मित्रांनो, हा 'लेला' फक्त परीक्षेचा विषय नाही. इंग्रज सरकार आपल्या समाजाला 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत असे. डिप्रेस्ड म्हणजे दाबलेला. दाबलेला म्हटले की दाबणारा कोण हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि सरकारी कागदात त्याचे नाव नसते. 'दलित' आणि 'बहिष्कृत' हे शब्दही त्याच जातीचे, संस्कृतातले 'लेला'. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी परमपूज्य बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी दिलेल्या निवेदनात डिप्रेस्ड क्लासेस हे नाव बदलावे अशी मागणी होती. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आले, म्हणजे सूचीत घातलेल्या जाती. पुन्हा 'लेला'च. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी आपल्या पूर्वजांना 'ब्रोकन मेन' म्हटले, तेही धातुसाधित विशेषण. आणि ज्यांना आपण शरण जातो ते 'बुद्ध' हे नावसुद्धा 'बुध्' धातूचे असेच रूप आहे, जागा झालेला. इंग्रजीत 'द अवेकन्ड वन'.

आता जर-तर. व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. आपली मुले इथे का अडखळतात, तर मराठीच्या सवयीमुळे. आपण सहज म्हणतो, 'पाऊस पडला तर येणार नाही.' पाऊस उद्याचा, क्रियापद मात्र भूतकाळी! तेच इंग्रजीत उतरवले की 'इफ इट रेन्ड, आय विल नॉट कम' होते. दुसरा विद्यार्थी 'पडेल तर' धरून 'इफ इट विल रेन' लिहितो. दोन्ही चूक. शक्य असलेल्या उद्याच्या गोष्टीला इफच्या बाजूला साधा वर्तमानकाळ येतो. 'इफ इट रेन्स, आय विल नॉट कम.' विल एकदाच, तेही दुसऱ्या बाजूला.

घडून गेलेल्या गोष्टीत घोटाळा वेगळा आहे. मराठीत दोन्हीकडे 'असते' येते: तो आला असता तर मी गेलो असतो. म्हणून मुले दोन्हीकडे 'वुड हॅव' घालतात. इंग्रजीत इफकडे 'हॅड' आणि दुसरीकडे 'वुड हॅव' हवे. उदाहरण आपल्याच इतिहासातले घ्या. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, मग भाषणातला मजकूर पचेना म्हणून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. आता वाक्य करा: 'इफ द मंडळ हॅड नॉट कॅन्सल्ड द कॉन्फरन्स, बाबासाहेब वुड हॅव डिलिव्हर्ड द स्पीच.' परिषद रद्द झाली आणि भाषण झाले नाही, या दोन्ही गोष्टी वाक्यातच सांगितल्या जातात.

नेहमी खऱ्या ठरणाऱ्या गोष्टीला दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ लागतो. 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.' भगवान बुद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद याच सांगाड्याचा आहे: हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही. गंमत अशी की पालीत तिथे 'जर' हा शब्द नाही. 'सति', म्हणजे 'असताना', या धातुसाधितानेच संकेत साधला आहे. माझ्या आजच्या भाषणाचे दोन्ही विषय त्या एका शब्दात आले.

एक प्रकार मात्र जपून वाचा, कारण त्यात पैसे जातात. कर्जाच्या करारनाम्यात इफ न लिहिता 'शुड द बॉरोअर फेल टू पे' अशी सुरुवात असते. आमच्या काउंटरवर एक गृहस्थ आले होते. ग्रॅज्युएट, भावाच्या कर्जाला जामीन राहिलेले. त्यांनी 'शुड' म्हणजे 'पाहिजे' एवढेच शिकलेले, त्यामुळे ते कलम निरर्थक समजून सोडून दिले. अर्थ होता, कर्जदाराने हप्ता चुकवला तर जामीनदाराकडून वसूल करू. नोटीस घरी आली तेव्हा ते मला म्हणाले, 'साहेब, इथे इफ कुठे आहे?' इफ नव्हता. शुड पुढे आला होता, तोच इफ. 'हॅड आय नोन' हेही तसेच, 'मला माहीत असते तर'. आणि 'अनलेस' म्हणजे 'इफ नॉट', त्याच्या जोडीला आणखी नॉट लावू नका.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत अर्ज टाकणाऱ्या मुलामुलींनी अर्ज पाठवण्यापूर्वी मला दाखवावेत. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर मी विहारात असतो. मोबाईलवर फोटो पाठवू नका, कागद घेऊन या, आणि सोबत लाल पेन आणा. माझे नेहमी संपलेले असते.

जयभीम.