स्वागताध्यक्षीय भाषण : प्रथमोपचार वस्तीपर्यंत



बाहेरून आलेल्या माणसांनीच अंबरनाथ, उल्हासनगर ही आपली शहरे मोठी केली. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि विमकोचा काडेपेटी कारखाना यांनी माणसे आणली. आज एमआयडीसीत आणि बांधकामांवर भोजपुरी, ओडिया, तेलुगू कानावर पडते. या कामगारांना प्रथमोपचार शिकवायचा, तर नुसते भाषांतर पुरणार नाही.

भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा, असे आपण सांगतो. ज्या चाळीत नळाला ठराविक वेळीच पाणी येते, तिथे काय करायचे? तिथे पिंपातल्या स्वच्छ पाण्याची तांब्याने संथ धार धरायला शिकवले पाहिजे. भाजल्यावर हळद किंवा टूथपेस्ट लावणाऱ्या आजीला कृपा करून हसू नका. तिला काहीतरी करायचे आहे. तिच्या हाती तांब्या द्या. फिट आलेल्याला कांदा, चप्पल हुंगवायला धावणाऱ्यालाही काम द्या : आजूबाजूच्या वस्तू हटव, झटके थांबले की त्याला कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस.

सर्वांत अवघड आहे तो संकोच. हृदय बंद पडले की छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायचा असतो. पण कोसळलेली बाई असेल, भोवती तिच्या सासरची माणसे असतील, तर पुरुषाचा हात पुढे होत नाही. हे वर्गात मोकळेपणाने बोलायला हवे. आणि बायकांचे वर्ग बायकांनीच, स्वयंपाक आटोपल्यावर, वस्तीतच घ्यायला हवेत.

पोलिसांची भीतीही आहेच. परगावचा भाडेकरू १०८ लावायलाही कचरतो. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिले आहे. हे त्याला त्याच्या बोलीत कोणी सांगितले आहे का? पत्ता येत नसेल तर जवळचा नाका, शाळा, मंदिर सांग, एवढेही आपण शिकवत नाही.

दुपारच्या सत्रात गमछ्याची झोळी बांधण्यापासून सारे प्रात्यक्षिक कामगार आणि मुकादम करून दाखवणार आहेत. त्या वेळी डॉक्टरमंडळींनी व्यासपीठ सोडून समोर, सतरंजीवर बसावे, अशी माझी विनंती आहे.