काना गांवचे रांजण



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त विवाहित जीवनाविषयीं चार शब्द बोलावे, अशी आज्ञा आम्हां उभयतांस झाली आहे. आमच्या विवाहास 25 वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं आम्ही पवित्र भूमीच्या यात्रेंत, गालीलांतील काना या गांवीं होतों. म्हणून त्या गांवाविषयींच बोलणें आम्हांस उचित वाटतें.

नाझरेथच्या ईशान्येस थोड्याच अंतरावर हें गांव आहे. आज त्यास कफर कन्ना म्हणतात. प्रभु येशूनें पाण्याचा द्राक्षारस केला तें काना हेंच, कीं उत्तरेकडील खिरबेत काना हें ओसाड स्थळ, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. तथापि कित्येक शतकें यात्रेकरूंचे पाय कफर कन्नाकडे वळत आले आहेत. तेथें फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचें मंदिर आहे. त्याच्या जमिनींत रंगीत खड्यांच्या प्राचीन फरसबंदीचा एक तुकडा असून त्यावर आरामी भाषेंतील लेख आहे. बाहेर दुकानदार यात्रेकरूंस द्राक्षारसाच्या बाटल्या विकतात, आणि आंत देशोदेशींचीं जोडपीं आपल्या विवाहवचनांचा पुनरुच्चार करितात.

आम्ही परत आल्यावर कित्येकांनीं थट्टेनें विचारिलें, "काय, दुसऱ्यांदां लग्न लावून आलांत?" तसें कांहीं तेथें होत नाहीं. ख्रिस्तसभेची शिकवण अशी कीं, विवाहाचें बंधन पतिपत्नी हयात असेपर्यंत अभंग असतें. जें तुटलेंच नाहीं तें नव्यानें जोडावयाचें कसें? मग त्या वेदीपुढें आम्हीं काय केलें?

आपल्या घरांत सासूसासरे, दीरनणंदा, मुलेंबाळें, पाहुणेरावळे. एवढ्या गोतावळ्यांत 25 वर्षांत आम्ही दोघें निवांत अशीं क्वचितच बसलों होतों. परदेशांत ओळखीचें कोणी नाहीं, भाषा कळत नाहीं. तेथें एकमेकांकडे पाहण्यावांचून गत्यंतरच नव्हतें. विवाहाच्या दिवशीं आम्ही तरुण होतों. सुखांत व दुःखांत, आजारांत व आरोग्यांत, हे शब्द आम्हीं उमेदीनें उच्चारिले. त्यांचें ओझें किती हें ठाऊक नव्हतें. पुढें अकराव्या वर्षीं आम्हां दोघांपैकीं एकास आठ महिने अंथरुणास खिळावें लागलें, आणि दुसऱ्यानें चूल, शेत, मुलें व औषधपाणी सांभाळिलें. कानाच्या वेदीपुढें 'आजारांत' हा शब्द आला तेव्हां दोघांचाही कंठ दाटला. पहिल्या वेळीं तें वचन होतें, दुसऱ्या वेळीं ती साक्ष झाली.

संत योहानाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथें सहा दगडी रांजण होते; प्रत्येकांत दोन-तीन मापें पाणी मावे. आजच्या हिशेबानें एका रांजणांत सुमारें 80 ते 120 लिटर, म्हणजे साहांत मिळून जवळजवळ 500 ते 700 लिटर! आपल्या वसईच्या वाड्यांतून ज्यांनीं विहिरीचें पाणी वाहिलें आहे त्यांस विचारा, एवढें पाणी भरावयास किती खेपा लागतात. सेवकांनीं ते रांजण कांठोकांठ भरिले. चमत्कार क्षणांत घडला असेल. पाणी भरणें क्षणांत झालें नसेल. आमच्या मतें विवाहित जीवन बहुतांशीं या पाणी भरण्याचेंच आहे. द्राक्षारस करणें प्रभूच्या हातीं. रांजण रिकामा न ठेवणें आपल्या हातीं.

आमच्या संघांत एक वृद्ध गृहस्थ होते. या यात्रेसाठीं त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें मिळून पैसा सांठविला होता. परंतु ती माउली आधींच देवाघरीं गेली. सर्व जोडपीं वेदीपुढें उभीं राहिलीं तेव्हां ते मागील बांकावर, पत्नीची अंगठी मुठींत धरून बसले होते. कोणी त्यांची कींव केली. आम्हांस मात्र वाटलें, त्या मंदिरांत सर्वांत श्रीमंत तेच. आम्हां सर्वांचें वचन अद्याप ऋण आहे. त्यांनीं तें मरणापर्यंत पाळून पुरतें फेडिलें होतें.

बंधुभगिनींनो, एवढा दूरचा प्रवास सर्वांस परवडत नाहीं, आणि त्याची आवश्यकताही नाहीं. आपल्यांतील अनेकांनीं आपलें वचन याच मंदिरांत, याच वेदीपुढें दिलें आहे. येत्या वाढदिवशीं दोघें मिळून येथें या, मिस्सा ऐका, आणि घटकाभर याच बांकावर शेजारीं बसा. ज्यांचा जोडीदार आज हयात नाहीं त्यांनींही संकोच न करितां यावें. मागील बांक त्यांचा मानाचा आहे.

पवित्र मारियेनें त्या लग्नघरांतील उणीव कोणी न सांगतां ओळखिली. तिनें आपल्याही घरांकडे तसेंच लक्ष ठेवावें, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.