दुखणं अंगावर काढणं

कुर्डुवाडीकर मंडळी, आणि विशेषतः मागच्या रांगांत बसलेल्या भगिनींनो,

दुखणं ‘अंगावर काढणं’ हा आपल्या बोलीतला शब्दप्रयोग तुम्ही सगळ्यांनी वापरलेला आहे. मी आयुष्यभर नर्सिंग केलं, पुढं शिकवलंही. पण हा आजार एकाही पाठ्यपुस्तकात भेटला नाही.

शिकत होते तेव्हाची गोष्ट. नव्यानं भरती झालेल्या एका बाईंना विचारलं, काय होतंय? त्या म्हणाल्या, “काय न्हाई.” मी केसपेपरवर ‘तक्रार नाही’ लिहून मोकळी झाले. आमच्या वॉर्डच्या सिस्टर मागं उभ्या होत्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि विचारलं, “पाणी किती लांबनं आणता?” बाई म्हणाल्या, “हिरीवरनं. आधी एका दमात आणायची, आता दोनदा घागर उतरावी लागती.” कधीपासून? पाळी गेल्यावरही अंगावरून जायला लागलं तेव्हापासून. म्हणजे दीड वर्ष! माझ्या ‘तक्रार नाही’मध्ये हे सगळं गाडलं गेलं होतं.

असं बसून विचारल्यानं काय होतं, ते पाहायला आता शेजारच्या बार्शीकडे वळू. आपल्या छोट्या रेल्वेगाडीनं १८९७ साली कुर्डुवाडी आणि बार्शी जोडली. तिकडच्या दवाखान्यांची वाट तुम्हाला सांगायला नको. तिथं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. भगवान नेने हे त्या कामातलं मोठं नाव. हेतू साधा, रुग्ण मोजायचे. पण मोजायला गावोगाव जावं लागतं, ओट्यावर बसून विचारपूस करावी लागते. काही वर्षांत दिसलं ते असं, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. कुणी नवं औषध आणलं नव्हतं. माणसं दारात आली, बोलली, एवढंच.

त्याच पायावर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात याच कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. तपासणी करायला बसल्या त्या एएनएम, म्हणजे आपल्या नर्सबाई. कुठं पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून पांढरा डाग पडतो का पाहायचं, कुठं पेशींचा नमुना घ्यायचा, कुठं हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे. एकाच तपासणीचा हा फरक. आम्लाच्या तपासणीनं मृत्यूंत म्हणावा तसा फरक पडला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आणि त्या ६४ जणी? तुलनेसाठी म्हणून त्यांच्या गटाला तपासणी दिली नव्हती. यावर पुढं कडक टीका झाली. मला ती रास्त वाटते. आकडा मोठा उपयोगाचा आहे, पण तो ज्यांच्या जिवावर मिळाला त्या याच मातीतल्या.

त्या नर्सबाईंचं अवघड काम आम्ल लावण्याचं नव्हतंच. सासू उंबऱ्यात बसलेली असताना सुनेला “तपासून घ्या” म्हणायचं, हे अवघड. आमच्या अभ्यासक्रमात नाडी मोजायला तास असायचा, या बोलण्याला नसायचा. मी शिकवायला लागल्यावर मुलींना पहिले आठ दिवस ओपीडीच्या बाकावर नुसतं बसवायची, वहीशिवाय. मुली कंटाळायच्या.

त्या घागरवाल्या बाई घरी निघाल्या तेव्हा मी ओशाळून म्हटलं, “मला का नाही सांगितलंत?”

“तुमी माज्याकडं बगितलंच कुटं? कागदाकडं बगत हुता.”