धडधड आणि धोका

मराठी माणसाच्या काळजाचा ठोका बोलण्यात फार वेळा चुकतो. रात्री अवेळी दारावर थाप पडली की चुकतो, तार आली की चुकत असे, मूल जिन्यावरून घसरले की चुकतो. काळीज म्हणजे वस्तुतः यकृत. पण भाषेने ते केव्हाच बरगड्यांच्या डाव्या बाजूस नेऊन ठेवले आहे. तथापि काही माणसांच्या हृदयाचा ठोका खरोखरच बिघडतो. अशा बिघाडांपैकी दोन विशेष आढळतात. एकाला डॉक्टर सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, थोडक्यात एसव्हीटी, म्हणतात. दुसऱ्याला एट्रियल फिब्रिलेशन. या दोहोंत अधिक गंभीर कोणता, हे रोग्याला वाटणाऱ्या भीतीवरून ठरवू गेल्यास उत्तर बहुधा उलटे येते.

हृदयाला वर दोन अलिंदे आणि खाली दोन निलये असे चार कप्पे असतात. उजव्या अलिंदाच्या भिंतीत एक इवलासा पेशीपुंज आहे. कीथ आणि फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनी 1907 साली तो दाखवून दिला. प्रत्येक ठोक्याची आज्ञा तेथून सुटते. वरचे कप्पे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये दुसरा पुंज आहे. सुनाओ तावारा या जपानी वैद्याने जर्मनीत काम करीत असता 1906 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा जणू जकातनाका होय. वरून येणारी प्रत्येक आज्ञा येथे क्षणभर थांबते आणि मगच खाली जाते.

एसव्हीटीच्या रोग्यांत बहुधा या नाक्यातच, अथवा त्याच्या बाजूने, एक जादा वाट जन्मतः असते. एखादी आज्ञा एका वाटेने उतरते, दुसरीने वर चढते आणि गोल गोल फिरू लागते. पंचविशीतली एखादी स्त्री पाण्याची कळशी उचलायला वाकते आणि त्याच क्षणी हृदय मिनिटाला 180 ठोके मारू लागते. मान उडू लागते, हातापायांना घाम फुटतो, आता आपले काही खरे नाही असे वाटते. वीस मिनिटांनी, दिवा विझवावा तसे सारे एकाएकी थांबते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हृदयाचा आलेख निर्दोष येतो, आणि ‘मनाला लावून घेऊ नका’ असा सल्ला पदरी पडतो. हा सल्ला अन्यायाचा आहे. रोग मनात नसून वाटेत आहे.

पण निरोगी हृदयात हा रोग क्वचितच प्राणावर बेततो, आणि तो थांबविता येतो. नाक-तोंड मिटून जोराने कुंथण्याची युक्ती बोलोन्याच्या वाल्साल्वाने 1704 साली कानाच्या विकारांसंबंधी लिहिली होती. तीच येथे उपयोगी पडते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात कुंथून होताच रोग्याला लगेच उताणे निजवून त्याचे पाय वर उचलले, तेव्हा शंभरांतल्या 43 जणांचा ठोका ताळ्यावर आला. नुसत्या बसून कुंथण्याने 17 जणांचाच आला होता. त्याने न भागल्यास शिरेतून दिलेले ॲडिनोसिन काही सेकंदांत काम करते. शिवाय 1990 च्या सुमारापासून मांडीच्या शिरेतून बारीक तार नेऊन ती जादा वाटच जाळून टाकता येते आणि बहुसंख्य रोगी कायमचे बरे होतात.

फिब्रिलेशनची तऱ्हा निराळी. संगीताच्या भाषेत सांगावयाचे तर एसव्हीटीत लय अतिद्रुत होते, पण ताल शाबूत राहतो. फिब्रिलेशनमध्ये तालच हरवतो. अलिंदांत मिनिटाला 350 ते 600 अशा विस्कळीत लहरी उसळतात, भिंती आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात, आणि नाका त्यांतल्या काहींना वाटेल तसे खाली सोडतो. लंडनच्या टॉमस लुईस यांनी 1909 साली या बेताल नाडीचे मूळ अलिंदांत आहे हे आलेखाने सिद्ध केले. नवल असे की पुष्कळ रोग्यांना याची जाणीवही होत नाही. थोडी दमणूक वाटते, वयाचा दोष म्हणून ती सोडून दिली जाते.

आणि खरा धोका ठोक्यात नसतोच. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक पिशवी असते. भिंत थरथरू लागली की तेथे रक्त साचते, साचलेले गोठते, आणि गुठळी सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायू होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी 1948 पासून चाललेल्या पाहणीतून 1978 साली असे दिसले की या रोगाने अर्धांगाचा संभव पाचपटींहून अधिक वाढतो, आणि संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली असल्यास सतरापटींहून अधिक. भारतात हा दुसरा आकडा विसरता येत नाही. लहानपणी घसा सुजून आलेला ताप पुढे झडप अरुंद करतो, आणि ऐन तिशीतल्या माणसाची वाचा जाते.

गुठळी न होऊ देणारे वॉर्फरिन 1948 साली उंदरांचे विष म्हणून विकले जाऊ लागले आणि 1954 पासून माणसांना देण्यात येऊ लागले. ते अर्धांगाचा संभव सुमारे दोन-तृतीयांशाने घटविते. ॲस्पिरिनवर मात्र भिस्त ठेवू नये. 2010 नंतर आलेल्या नव्या गोळ्यांना वरचेवर रक्त तपासावे लागत नाही. पण संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपेत 2022 च्या मोठ्या तुलनेत जुनेच औषध सरस ठरले. फिब्रिलेशन झालेल्या प्रत्येकाला ही गोळी लागते असेही नव्हे. झडप निर्दोष असेल तर वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा झटका हे पाहून डॉक्टर ठरवितो.

या तुलनेला एक अपवाद आहे. काही हृदयांत जादा वाट नाक्याला वळसा घालून थेट खाली उतरते. वोल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी 1930 साली अशा रोग्यांचे वर्णन केले. अशा हृदयात फिब्रिलेशन उद्भवले तर लहरींचा लोंढा अडविणारे कोणी उरत नाही आणि मृत्यू ओढवू शकतो. म्हणून धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत कळ आली किंवा दम लागला, तर कुंथत बसू नये; रुग्णालय गाठावे.

फिब्रिलेशनचा रोगी बहुधा फसतो तो बरे वाटू लागल्यावर. औषधाने नाडी ताळ्यावर येते, धडधड थांबते, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी कपाटात जाते. 2002 साली चार हजारांवर रोग्यांचा एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना अर्धांगाचा झटका आला, त्यांतील बहुतेकांनी वॉर्फरिन सोडून तरी दिले होते, किंवा ते पुरेशा मात्रेत घेतले नव्हते.