भरतीसारखा पुढें येणारा मुष्टियोद्धा

वर्सोव्याच्या खाडीच्या मुखाशीं उभें राहून ज्यानें भरती पाहिली असेल, त्यास पाण्याचें बळ केवळ लाटेच्या उसळींत नसतें, हें सांगावयास नको. रेतींत बसलेली होडी भरती एका धक्क्यानें उचलीत नाहीं. पाणी बोटाबोटानें चढतें, आणि केव्हां तरी होडी तरंगूं लागते. मुष्टियुद्धांतही अशी एक रीत आहे. दूर राहून ठोसे मारावयाचे नाहींत. प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशीं भिडावयाचें, त्यास मागें मागें दोराकडे रेटावयाचें, आणि श्वास घेण्यास उसंत म्हणून द्यावयाची नाहीं. मेक्सिकोचा हूलियो सेसार चावेस हा ह्या रीतीचा अग्रगण्य योद्धा होय.

चावेसचा जन्म १९६२ सालचा. वडील रेल्वेंत नोकरीस होते. कुलियाकान शहरीं टाकून दिलेल्या एका रेल्वेच्या डब्यांत हें मोठें कुटुंब राहत असे. १९८० सालीं तो व्यावसायिक मुष्टियुद्धांत उतरला, १९८४ सालीं प्रथम जगज्जेता झाला, आणि पुढें तीन वजनगटांत त्यानें किताब मिळविले. डाव्या हाताचा ठोसा बरगडीखालीं यकृतावर मारणें, ही त्याची खास खुबी. डोक्यावरील ठोशानें माणूस भोवंडतो. यकृतावरील ठोशानें शुद्ध असूनही पाय चालेनासे होतात.

१७ मार्च १९९० रोजीं लास व्हेगास येथें त्याची गांठ मेल्ड्रिक टेलर ह्या अतिशय चपळ अमेरिकन योद्ध्याशीं पडली. बारावी फेरी सुरू झाली तेव्हां तीन परीक्षकांपैकीं दोघांच्या गुणपत्रकांवर टेलर पुढें होता. परंतु चावेसचे ठोसे अकरा फेऱ्या सांचत आले होते. शेवटच्या फेरींत टेलर कोसळला, तो उठलाही, पण लढत संपण्यास अवघे २ सेकंद उरले असतां पंचानें ती थांबविली. तो निर्णय न्याय्य होता काय, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. टेलरनें पुढील वर्षीं आणखी एक किताब जिंकला खरा, तथापि त्याची पूर्वीची चपळाई परतली नाहीं, असेंच जाणकार मानतात.

१९९३ सालीं मेक्सिको शहरांतील आझ्टेका क्रीडांगणावर चावेसची लढत पाहण्यास १ लाख ३० हजारांहून अधिक लोक जमले. १९९४ सालीं फ्रँकी रँडलनें त्यास पहिला पराभव दाखविला. १०७ विजय, ६ पराभव व २ बरोबऱ्या असा हिशेब मांडून २००५ सालीं तो निवृत्त झाला.

मात्र एक प्रतिस्पर्धी त्यास रेटतां आला नाहीं. कीर्तीच्या बहरांतच दारू व कोकेन यांनीं त्यास गांठलें होतें, हें त्यानें पुढें स्वतःच जाहीरपणें सांगितलें. सर्वांस मागें हटविणाऱ्या ह्या वीरास अखेर घरच्या माणसांनींच उपचारांसाठीं नेलें. बरा झाल्यावर त्यानें व्यसनमुक्तीचीं केंद्रें काढलीं; आणि मेक्सिकोच्या दूरचित्रवाणीवर मुष्टियुद्धांचा समालोचक म्हणून त्याचा आवाज घरोघरीं पोहोंचला. पुत्रही मुष्टियोद्धा झाला, तेव्हां त्याच्या शिस्तीच्या उणीवा चारचौघांत बोलून दाखविण्यास हा पिता कचरला नाहीं.

दोराबाहेर बसून बोलणारे पुष्कळ असतात. परंतु पुढें जाण्याची किंमत दोन्ही बाजूंनीं किती पडते, हें ज्यानें अंगावर भोगलें, त्याच्या बोलण्यास वजन येतें. भरतीस ओहोटी असते. ती ओळखूनही जो किनारा सोडीत नाहीं, त्याचेंच सांगणें ऐकण्याजोगें असतें.