आजोबा पूर्वी जास्त जगत होते का?

(जुळे सोलापूर येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



म्हाताऱ्या पुरुषांच्या मृत्युदराशी बायकांच्या संघटनेचं काय काम, असं विषय ऐकून काहीजणींना वाटलं असेल. काम आहे. हळदीकुंकवापासून सभागृहातल्या व्याख्यानापर्यंत एक वाक्य मी सतत ऐकत आले आहे : "पूर्वीचे पुरुष नव्वदी गाठायचे, आता साठी ओलांडली की पटापट जातात." वाक्य इथे थांबत नाही. पुढे कारणं येतात. सुना नोकरीला जातात, वेळेवर गरम जेवण मिळत नाही, बायको उलट बोलते, घरात शांतता नाही. म्हणजे पुरुषाच्या मरणाचा जाबही शेवटी बाईलाच विचारायचा. म्हणून हा हिशेब आपण स्वतः तपासू या.

पूर्वीचे पुरुष खरोखर जास्त जगत होते का? आपल्या देशात 1970 च्या सुमारापासून नमुना नोंदणी पद्धती चालू आहे. काही गावं आणि शहरी विभाग निवडायचे आणि तिथला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू टिपायचा, अशी ती पद्धत. तिच्यातून निघालेले आकडे सांगते. 1970-75 या काळात साठी गाठलेल्या पुरुषाला सरासरी आणखी 13.4 वर्षं आयुष्य होतं. 2014-18 मध्ये ते 17.4 वर्षं झालं. बायकांचं 14.3 वरून 18.9 झालं. म्हणजे साठीनंतरचे पुरुष पूर्वीपेक्षा सरासरी चार वर्षं जास्त जगू लागले. ज्या काळात बायका शिकल्या, नोकरीला लागल्या, बोलू लागल्या, त्याच काळात हे घडलं. आपल्यामुळे घडलं असा दावा मी करत नाही. पण आपल्यामुळे ते लवकर जातात, हा आरोप टिकत नाही.

मग लोकांना उलटं का दिसतं? ते सगळेच खोटं बोलत नाहीत. दिसतं तसं असण्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, आपण मयती मोजतो, दर मोजत नाही. 1961 च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसं अडीच कोटीही नव्हती. 2011 मध्ये ती 10 कोटी 38 लाख झाली, त्यात पुरुष 5 कोटी 11 लाख. म्हातारेच चौपट झाले तर मयतीही जास्त दिसणार. दर म्हणजे हजार म्हाताऱ्यांमागे वर्षाला किती गेले. वर मृत्यूंचा आकडा, खाली जिवंत माणसांचा. खालचा आकडा सोडून कोणी नुसता वरचा सांगू लागला की त्याला थांबवायचं.

दुसरं कारण जरा अवघड आहे, पण भिशीचा हिशेब करणाऱ्या बाईला ते सहज कळेल. साठीचा माणूस आणि पंचाऐंशीचा माणूस दोघेही 'ज्येष्ठ', पण दोघांच्या मरणाचा धोका सारखा नाही. समजा, पूर्वी एका गावात हजार म्हातारे पुरुष होते. 900 जण पंचाहत्तरीच्या आतले, 100 जण त्यापुढचे. पहिल्या गटात हजारी 30 मरत, दुसऱ्यात हजारी 100. वर्षाला 27 आणि 10, एकूण 37 मृत्यू. आता दवाखाना आला, दोन्ही गटांत मरण कमी झालं : हजारी 27 आणि 90. पण लोक जास्त जगले म्हणून आता पंचाहत्तरीच्या आतले 700 आणि पुढचे 300 झाले. मृत्यू किती? सुमारे 19 आणि 27, म्हणजे 46. प्रत्येक वयाचं मरण घटलं, तरी एकूण दर 37 वरून 46 वर गेला! आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण गफलत अशीच होते. म्हणून दोन काळांची तुलना करताना साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषांची तुलना त्याच वयाच्या पुरुषांशी करायची, पंचाहत्तर ते एकोणऐंशीची त्याच वयाशी.

तिसरं कारण आपल्या आठवणीचं. नव्वदीपर्यंत जगलेला पणजोबा सगळ्यांना आठवतो. त्याचे जे भाऊ पस्तिशीत पटकीने, प्लेगने, तापाने गेले, ते कोणाचे पणजोबा झालेच नाहीत. जे उरले त्यांच्यावरून सगळ्या पिढीचं आयुष्य ठरवलं जातं.

आणखी एक सावधगिरी. तुलनेसाठी कोणतं वर्ष निवडलं आहे ते पाहा. 2020 आणि 2021 ही कोरोनाची वर्षं. मे 2020 मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने दिलेल्या माहितीनुसार तोपर्यंतच्या कोरोना मृत्यूंमध्ये 64 टक्के पुरुष होते. 2019 शी 2021 ताडून पाहिलं तर मरण वाढलेलं दिसेल, आणि 2021 नंतरच्या वर्षाशी ताडलं तर घटलेलं. कोणी दोनच वर्षं पुढे ठेवली तर मधली आणि आधीचीही मागा.

आता आपल्या सोलापूरकडे येते. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल, मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू. या गिरण्यांत पुरुषांच्या पिढ्यांनी कापसाची धूळ छातीत घेतली. त्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार कामगार विम्याच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. गिरण्या बंद पडल्या, कामगार म्हातारे झाले, खोकत गेले. त्यातल्या किती जणांच्या दाखल्यावर हे कारण लिहिलं गेलं? देशात 2020 साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांचं कारण घरच्यांच्या शब्दांत : म्हातारपण, दमा, हृदय बंद पडलं. गिरणीवर कारण लागत नाही, म्हणून ते सुनेच्या स्वयंपाकावर लावणं सोपं जातं.

आणि त्यांचं खोकणं रात्रभर ऐकलं कोणी? पुरुषांची ती वाढलेली चार वर्षं औषधांनी आणि दवाखान्यांनी दिली, तशी ती घरातल्या बाईच्या हातांनीही दिली. दिवसभर विड्या वळून आल्यावर गोळ्या देणं, अंथरूण बदलणं, रांगेत उभं राहणं. हे काम कोणत्याच मृत्युदराच्या तक्त्यात दिसत नाही. पुरुषाचं आयुष्य वाढलं तेव्हा तिची सेवेची वर्षंही वाढली. आणि तो गेल्यावर ती मागे राहते. 2011 च्या जनगणनेत देशात 4 कोटींहून अधिक विधवा होत्या. विधुर त्यांच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पुरुषांच्या मृत्युदराची बायकांशी तुलना करायची तर दोघांची मरणं सारखीच नोंदली जायला हवीत. 2020 साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे 60 टक्के पुरुषांचे होते, 40 टक्के बायकांचे. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात हे एक कारण आहे, पण एवढ्याने हा फरक भरून निघत नाही. वस्तीत काम करताना जे दिसतं ते सांगते. म्हातारा गेला की मुलगा दाखल्यासाठी धावतो, कारण घर, शेत, बँकेचं खातं, पेन्शन त्याच्या नावावर असतं. म्हातारी गेली की दाखला लागतो कशाला? तिच्या नावावर काहीच नसतं. जिच्या नावावर घर नाही तिच्या नावावर मरणही नाही.

त्यात 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून दराचा खालचा आकडाही अंदाजाने धरावा लागला. वर अर्धवट, खाली अंदाज, आणि त्यावर बायकांना उपदेश!

तेव्हा प्रत्येक गटाने एक वही घालावी. आपल्या गल्लीत साठीपुढची माणसं किती, बायका किती, पुरुष किती, वयं किती. वय विचारताना नुसतं 'साठ-सत्तर' लिहू नका. लग्न, पहिलं मूल, बहात्तरचा दुष्काळ यांवरून अंदाज काढा. कोणी गेलं तर 21 दिवसांच्या आत नोंद झाली का ते बघा. 1969 च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे, बाईचीही. मृताने आयुष्यभर काय काम केलं ते वहीत लिहा. विडी वळणारी असेल तर 'घरकाम' लिहू नका. मागे राहिलेल्या बाईला दाखल्याची प्रत मिळवून द्या. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज त्यावाचून अडतो.

पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. दोन वर्षं गेली की आपल्याच गल्लीचा हिशेब आपल्यापाशी असेल, आणि ते वाक्य पुन्हा कोणी म्हणालं तर वही उघडून दाखवता येईल.